पाचवा पाय

गायधनींनी गादीखालून गठ्ठा काढला
आणि मला आधी हात धुऊन यायला सांगितलं.
तांबट आळीतली वरच्या मजल्यावरची खोली,
खाली हंड्यावर ठोके पडतायत, थांबत नाहीत.
मोरीत हात धुतले, सदऱ्याला पुसायला गेलो.
"सदऱ्याला नको. धागे लागतात शाईला."

'काळा टांगा'ची तेवीस पानं.
लहानपणी वीस पैसे रोजाने आणायचो तेव्हा
भडक होती ती, शिवेबाहेर रंग सांडलेली.
इथे हातभर उंच. काळी-पांढरी. गप्प.
रंग कुठे गेले?
"रंग छापखान्यातले. आमच्याकडे फक्त रात्र असायची."

मला पुलावरून उडी टाकणारा टांगेवाला हवा होता.
तो पुण्याच्या कुण्या डॉक्टरांनी नेला गेल्या दिवाळीत.
मग गुहेतली मारामारी मागितली,
तिचा आकडा ऐकून पाणी मागितलं.
माझ्या पेन्शनला झेपेल ते पान चौदावं:
टांगेवाल्याची नुसती टोपी, चाबकाची दोरी,
बाकी सगळा घोडा.

"घोड्याचे चार हजार. तो निमसेनं काढलाय.
फुग्याचे पाचशे. अक्षर माझं."
फुग्यात एवढंच: 'चल रे!'
दोन शब्दांचे पाचशे!
घासाघीस करणारच होतो,
पण त्या 'च'चं पोट एका फटक्यात ओढलेलं
आणि म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत होता.

फोनवरून पैसे नकोत म्हणाले.
मी नोटा मोजल्या.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं हेच तर केलं:
कागद उचल, बघ, खाली ठेव.
शेजारच्यासारखाच दिसला तर पास.
रेघ केसभर सरकली, शाईचा टिपूस सांडला,
की बाजूला, आणि मग त्याचा भुगा.
सवयीनं एक नोट उजेडात धरली.
"तुमच्याच नोटेवर संशय?"
हसलो. मग हात रिकामा राहवेना म्हणून
पानही नेलं खिडकीशी.

घोड्याला पाच पाय.

चार काळे, टापा टाकणारे.
पाचवा पांढऱ्या रंगाच्या थराखाली
पोटाशी दुमडून घेतलेला,
खूर थोडा वाकडा, पेन्सिलीचं निळं हाड आत दिसणारं.
छापलेल्या पुस्तकात तो कधीच नव्हता.
मी ते पान निदान पन्नासदा वाचलंय, नव्हता.

"त्या पायाशी तीन दिवस भांडला निमसे.
टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन बसायचा,
घोडेवाल्यांनी हाकललं शेवटी."
आता कुठे असतात ते?
"गेला."
मी मान खाली घातली.
"ओझरला. लेकीकडे. दिसत नाही आता त्याला.
हे चार हजार त्यालाच जातात.
पाचशे मात्र माझे, सांगून ठेवतो."

पान त्यांनी एक्स-रेच्या जुन्या पाकिटात घातलं,
कुणाच्या तरी बरगड्या काढून.
सिटी बसमध्ये मांडीवर आडवं धरून बसलो,
कंडक्टरच्या कोपराकडे डोळे लावून.
द्वारकेच्या सिग्नलला शेजारच्या बाई हळहळल्या,
"पाय मोडला का हो कुणाचा?"
"नाही. एक जास्तीचा निघाला."
त्या खिडकीकडे सरकल्या.

घरी शालननं किंमत ऐकली आणि गॅस बंद केला.
"साडेचार हजारांचा घोडा. तोही कागदाचा.
आणि टांगेवाला?"
टोपी दाखवली.
मग तिनंच पान ट्यूबलाइटखाली धरलं, बराच वेळ,
साडीचा पोत बघावा तसं, तिरकं करून.
"इथे बोट उमटलंय कुणाचं तरी," म्हणाली.
पाहिलं. टापांखालच्या धुळीत खरंच एक अंगठा.
मला दिसला नव्हता. एकतीस वर्षं तपासनीस!

आमच्या दोन खोल्यांना पश्चिमेचं ऊन.
ज्या भिंतीवर ते पडत नाही तिथे तिचं शिवणयंत्र.
बोलणी चालू आहेत.
तोवर पान गाद्यांच्या घडीत, पाकिटासकट.
रात्री दोनला उठून टॉर्च लावली.

आहे.