डेंग्यात काडी

मुणग्याच्या सड्यावर गवत कापताना
सत्यवती घाडींच्या अंगठ्याला फुरसं चावलं,
तेव्हा मी देवगडच्या दवाखान्यात नळ्या धुणारी पोर होते.
त्यांचं रक्त साध्या काचेच्या नळीत घ्यायचं,
वीस मिनिटं घड्याळाकडे बघायचं,
मग नळी कलती करायची.
केली.
रक्त वाहिलं, आमसुलाच्या आगळासारखं,
गोठायचं असतं हेच विसरून.

प्रतिविषाच्या अकरा कुप्या.
अंगठा गेला, बाई राहिली.

आता मी लांबच्या शहरात बर्फ बनवते.
त्या विषातलं एक प्रथिन, पाण्याच्या अशा पापुद्र्यात
की त्याच्याशेजारी केस म्हणजे बंदराचा धक्का;
आणि पाण्याला स्फटिक व्हायचं सुचायच्या आत
सगळं गोठवायचं.
इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यात मग दिसतं ते
सांडलेल्या नाचणीच्या पिठासारखं, करडं, मुकं.
एका सावलीवर विश्वास ठेवायचा नाही.
दोन लाख सावल्या एकीवर एक ठेवल्या
की सुकतीला खडपं उघडी पडावीत
तसा आकार वर येतो.
मध्ये खाच. खाचेत जस्ताचा एकच अणू.
रक्तवाहिनीचं अस्तर फाडतो
तो इथून.

दिवाळीत चित्र छापून काकूंच्या पडवीत नेलं.
त्यांनी कागद उलटा धरला, मग आडवा,
चार बोटांच्या हाताने खाचेवर टिचकी मारली:
"ह्यो तर कुर्लेचो डेंगो!"
मी साखळ्या, घड्या, नॅनोमीटर सुरू केलं.
"तां ऱ्हवांदे. डेंग्यात काडी घाल,
मगे चावतलो कसो?"

चार वर्षं तीच काडी शोधतोय आम्ही.
एकशे सत्तेचाळीस रेणू.
काही खाचेत शिरतच नाहीत, काही शिरून निसटतात,
एक घट्ट बसतो, पण उंदराचं यकृत खातो.
हे मी बोलले नाही.
काकूंनी केरसुणीतला हीर उपसला,
मोडून बोटभर केला.
"लांब नको. लांब काडी तो वढून काढता."

तो हीर वहीत ठेवून निघाले तेव्हा
सड्यावर काळोख पडला होता.
ज्याच्या दाताखालचा अणू न् अणू मला पाठ आहे
त्याच्या भीतीने
बॅटरी पायापुढे धरून,
कातळावर पाय आपटत
मी घरी आले.