अठ्ठाविसावा दिवस

मुजावरांची निलोफर पोतं घेऊन आली
कुपवाड फाट्यावरच्या बापाच्या दुकानातनं.
ऊसगाडीचे टायर, दोनदा रिमोल्ड मारलेले,
चिरून, बारीक करून.
मी लॅबचा माणूस, एकतीस वर्षं खडी चाळतोय.
वीसची, बाराची, कच,
डोळे मिटून सांगेन.
हे काळं मात्र चाळणीत नुसतं नाचत होतं,
वजनाचं नाव नाही.

तारा वेचताना एक घुसली माझ्या अंगठ्यात.
जन्मभर लोकांचे खिळे खाल्ले बिचाऱ्यानं,
जाता जाता एक परत केला.

कॉस्टिकच्या पाण्यात धुतलं तिनं, दोनदा.
तेल सोडल्याशिवाय सिमेंट धरत नाही म्हणाली.
साचे भरले, टेबल थरथरलं,
खडी बसली खाली
आणि रबर आलं वर,
थापीनं दाबलं की पुन्हा वर.
तिला हसू येईना, मला आवरेना.

मग अठ्ठावीस दिवस टाकीत.
रविवारीसुद्धा यायची,
पाण्यात हात घालून ठोकळा चाचपायची,
ताप बघावा तसा.

आज मशीनवर आधी साधे घेतले.
सहाशे दहाला काटा,
आणि फाडकन आवाज,
जाळीवर ढलप्यांचा मारा.
हे नेहमीचं. फावड्यानं भरले.

तिचा पहिला ठोकळा
तीनशे नव्वदला थांबला.
काटा मागं फिरला.
आरवाडे सरांनी लिहिलं, सतरा पॉइंट तीन.
"पिलरला चालायचं नाही, मुजावर."
"पिलरला कोण म्हणतंय, सर?"
एवढंच बोलली, आणि वहीकडं नाही,
मशीनकडं बघत राहिली.

कारण तो पडला नव्हता.
अंगभर भेगा, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या,
पण उभा.
"अजून दाब द्या, तातोबा."
दिला.
कण्हल्यासारखा आवाज, थोडं अंग फुगलं,
बाहेर काढला तर अख्खा हातात आला.
एकतीस वर्षांत
फुटलेला ठोकळा मी दोन हातांनी उचलला नव्हता.

रजिस्टरला त्यासाठी रकाना नाही.
मी सरांना विचारलं, कुठं लिहू?
ते चष्मा पुसत बसले.

संध्याकाळी दोन ठोकळे पोत्यात घालून
तिच्याबरोबर फाट्यावर गेलो.
ट्रॉली उतारावर लागलेली, जॅक चढवायचा होता.
तिच्या बापानं काही न विचारता
एक घेऊन चाकाखाली सारला,
मग टायर ठोकायची लोखंडी कांब
त्या ठोकळ्यावर हाणली.

ठण् नाही.
धप्प.

कान देऊन ऐकलं म्हाताऱ्यानं,
आणि लेकीकडं न बघता म्हणाला,
"हवा बरोबर हाय."