नुसता घोडा

आधी धातू काढून ठेवायचा.
चांदीची बक्कल, चकमक, सुरी,
पोवळ्याच्या बुचाची तपकिरीची कुपी,
तिच्यातला इवला चमचासुद्धा.
लुवसानदोर्ज आजोबा एकेक काढून देतात
आणि मधेच विसरतात, देतोय की घेतोय.

मी नारमंदाख. उलानबातरच्या या तळघरात
रात्रपाळीला चुंबक सांभाळते.
अभ्यासात माणसं एकतीस, हे सतरावे.
रात्रच बरी पडते, यांची झोप उलटलेली असते:
दिवसा पेंगतात, रात्री टक्क जागे.

मशीनच्या आधी कागदाची परीक्षा.
विखुरलेले आकडे, एकपासून पंचवीस,
रेघेनं जोडायचे, घड्याळ लावून.
चारशे जनावरांत एक कमी असलं
तर न मोजता ओळखणारा माणूस
अकरावर थांबला.
बारा शोधत राहिला. ते त्याच्या अंगठ्याखाली होतं.
एकशे नऊ सेकंद.

"हात पुढे करा, कुणाला थांबवतो तसे."
पंजे पडले, सावरले, पुन्हा पडले.

बाकावरून हांदसुरेन आजी म्हणाल्या,
"सगळे म्हणतात, पितो.
थेंब नाही हो घेतलेला कधी.
लहानपणी शाळेत सगळ्या पोरांना एकच सुई होती.
पातेल्यात उकळायचे ती.
कधी उकळायचे, कधी नाही."

भिंतीवर औषधकंपनीचं कॅलेंडर.
डॉक्टर दावाजार्गालनी सहज विचारलं, ते काय आहे?
"घोडा," आजोबा म्हणाले.

आजी तेव्हा रडल्या.
आकड्यांना नाही, हातांना नाही.
घोड्याला नुसता घोडा कोण म्हणतं?
मी म्हणते; मी शहरात वाढले.
पण ते?

आत गेले. ठोके सुरू झाले.
"एवढ्या थंडीत कोण खुंट्या ठोकतंय?"
पडद्यावर काप उमटत गेले, करड्यावर करडे,
आणि खोल मध्याशी, दोन्ही अंगांना,
बदामाच्या फोडींसारखा उजेड.
जुन्या शरीरशास्त्र्यांनी या जागेला
फिकट गोल असं नाव दिलं होतं.
यांचा फिकट नाही, चकाकतो.
यकृतानं बाहेर काढायचं ते मँगनीज
रक्ताबरोबर वर आलं आणि इथे बसलं.
मला तो उजेड सुंदर वाटतो.
हे मी अहवालात लिहीत नाही.

मग रसायनांची रेघ, शिखरं आणि खिंडी.
ग्लुटामीन चढलेलं, अमोनिया गिळून गिळून.
इनोसिटॉल खचलेलं.
पेशी पाणी धरून सुजल्यात,
डोळ्याला दिसू नये इतक्याच.

आमच्या भाषेत सोयऱ्यांना काळजाचे म्हणतात,
आणि काळीज म्हणजे हेच, उजव्या बरगडीखालचं,
मेंढी कापली की आधी गरमागरम वाटतात ते.
त्याचा दगड झाला की माणूस
आपल्याच तंबूत पाहुणा होतो.
आजींनी सांगितलं,
एकदा दारातून आत आले आणि विचारलं,
यजमान कुठे गेलेत?

आठ आठवडे गोड पातळ औषध, दिवसातून तीनदा.
"पोट सारखं पळतं," आजोबांची तक्रार.
पळायलाच हवं. विष त्याच वाटेनं जातं.

मार्चमध्ये परत आले.
फिकट गोल तसाच उजळ.
शिखर जरासं उतरलेलं, एवढंच
की मोजण्यातली चूकही असू शकेल.
अठ्ठ्याऐंशी सेकंद.
तारीख विचारली, चुकली. महिनाही.

निघताना बक्कल लावत
आजोबा कॅलेंडरपाशी थबकले.
पान कुणी उलटलंच नव्हतं.
"समंद," म्हणाले.
"काळी आयाळ, पाठीवरून काळी रेघ.
मागचा डावा पाय मात्र नंतर रंगवलाय कुणीतरी.
आणि लगाम घालणाऱ्याला थंडी वाजत होती,
घाईत घातलाय."

दावाजार्गाल तक्ता चाळत राहिल्या,
हे कुठल्या रकान्यात बसतं ते शोधत.
आजींनी तपकिरीची कुपी उघडली,
स्वतःच ओढली, आणि शिंकत राहिल्या.

ते गेल्यावर मी कॅलेंडरच्या जवळ गेले.
डावा पाय बघितला, दिवा धरून बघितला.
मला काहीच दिसलं नाही.