आटे

रासईच्या धक्क्याखाली, जुवारीच्या चिखलात
‘दामोदर कृपा’ टेकून उभी आहे,
मागच्या अंगाचा पत्रा कुजलाय.
चार बोटं उचला, मालक म्हणतो,
जणू पाटावरचं ताट सरकवायचंय.

शांबा च्यारी उकिडवा बसतो.
चिखलावर फळ्या, फळ्यांवर लोखंडी ताट,
ताटावर जॅक, पायाशी रुंद, गळ्याशी निमुळता.
ओझं मागाहून बघू, तो म्हणतो,
आधी जमीन बघ.

मी त्याची पुतणी. डिप्लोमा घेऊन आले
तेव्हा त्याच्या जॅकचा हिशेब मांडला होता:
चोपन्नचा व्यास, नऊचा पिच, तीन अंशांचा चढ.
अनमोडचा घाट कुणी दांड्याभोवती गुंडाळावा
तसे ते चौकोनी आटे.
शंभर माप जोर घाला,
सव्वीस माप वर पोचतो.
उरलेला जातो घासणीत,
ग्रीसच्या वासात, तळहाताच्या ऊबेत.
मलाच लाज वाटली. चौऱ्याहत्तर वाया?

मग मी चढ तिप्पट केला,
शेजारी शेजारी तीन आटे पाडले,
ग्रीस चोपडलं लोण्यासारखं.
शंभरातले एकसष्ट!
कागदावर त्या आकड्याखाली दोन रेघा.

शेडमधला जुना विंचचा ड्रम त्यावर चढवला.
किती हलका वर गेला!
मी दांडी सोडली. चहा आला होता.
दांडी एकटीच फिरू लागली,
आधी कुणी आळस द्यावा तशी,
मग पंख्यासारखी,
आणि ती धरायला रुझारनं हात घातला.

सहा आठवडे त्याचं मनगट गळ्यात.

काका ओरडला नाही.
माझा स्क्रू रॉकेलनं पुसून त्यानं खिडकीत ठेवला,
अजून तिथंच आहे.
बाय, म्हणाला, सहज वर चढतं ते सहज खाली येतं,
घाटातला ट्रकवालासुद्धा सांगेल.
तू वाया म्हणतेस ना,
तेच रात्रभर जागं असतं.

नंतर कधीतरी नट ओतताना बोलला:
स्क्रू पोलादाचा, नट गनमेटलचा.
झिजायचं कुणी, हे आधी ठरवावं लागतं.
नट बदलता येतो.
मागे काकी हिशेबाची वही मिटत होती,
तिनं मान वर केली नाही.

आज सहा जॅक, सहा माणसं.
चार नंबरला रुझार.
मी शिट्टी फुंकते: पाव फेरा.
थांबा. लाकूड कुरकुरतं,
कुठंतरी गंज सुटून पडतो.
पुन्हा शिट्टी.
खाली स्क्रू फिरतात, माथ्यावरच्या वाट्या मात्र
बार्जीच्या पोटाला लागून गप्प,
तिला कळूही नये
की तिच्याखाली कुणी वळतंय.

दुपार उतरेपर्यंत चार बोटं.
मालक बोटं लावून मोजतो. त्याची बोटं जाड आहेत,
शांबा अजून एक पाव फेरा देतो.

रात्री सगळे गेल्यावर
मी सहाही दांड्यांवर खडूनं रेघ ओढली.
झोप कुठली. पलीकडच्या काठावर एक होडी,
तिचा दिवा विझला, पुन्हा पेटला.
सकाळी रेघा जिथल्या तिथं,
फक्त दवानं फुगलेल्या.

नवा पत्रा बसायला अकरा दिवस लागले.
पुनवेला पाणी चढलं,
फळ्यांवरून, ताटांवरून, जॅकच्या घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत.
रुझार चार नंबरपाशी कंबरभर पाण्यात उभा.
अचानक त्याची दांडी दोन बोटांनी फिरली.
एकही आटा न पाडता
नदीनं सगळं अंगावर घेतलं होतं.

हिचा चढ किती रे काका, मी विचारलं.
तो पाण्यात हात घालून
एक एक जॅक चाचपत होता.
आधी हे बाहेर काढ, म्हणाला,
खारं पाणी आहे.