धडक्या कापडाला ठिगळ

शाळेची चिठ्ठी आली :
शुक्रवारी मुलांनी दीडशे वर्षांपूर्वीच्या
गरीब पोरांसारखं यावं.
गिरणीतली मुलगी, धुराडी झाडणारा मुलगा, काहीही चालेल.

सुपरमार्केटात गरिबी तयार मिळत होती,
चौदा पौंडाला, हँगरवर,
पाच ते सहा वर्षे, सात ते आठ वर्षे,
ठिगळं छापलेली,
आणि आत एक पट्टी : विस्तवापासून दूर ठेवा.

चौदा पौंडात आमची आठवड्याची भाजी येते,
वर कोथिंबिरीची जुडी.
म्हटलं, गरीब आपण घरीच होऊ.
शाल्मली खूप हसली.

म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी चालवलेल्या दुकानात
कुणा थोराड बाईचा करडा स्कर्ट, दोन पौंड.
कमरेला चुण्या, खाली वीतभर दुमड.
उशीच्या अभ्र्याचा एप्रन,
चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवलेला,
वाळला तेव्हा रॉचडेलच्या कालव्याच्या रंगाचा.

मग फाडायची वेळ आली
आणि कात्री हातात धरून मी नुसती बसले.
आमच्याकडे कापड आपलं आपण फाटायचं.
लुगड्याला आधी दांड, मग त्याचा परकर,
परकराचं दुपटं, दुपट्याची चिंधी,
कंदिलाची काच पुसायला.
मुद्दाम फाडायला कुणी शिकवलंच नव्हतं.

शेवटी न फाडताच ठिगळ लावलं,
हेमंतच्या पायजम्याचं,
जिथं काहीच झालं नव्हतं तिथं.

शुक्रवारी सकाळी सातला हिंगणघाटला व्हिडिओ लावला,
तिकडे जेवणं चालली होती.
पुष्पाआत्या एकोणीस वर्षं जिनिंगला होती.
तिनं पोरीला गोल फिरवलं, चष्मा कपाळावर सारला.
"हे काय झाली व?"
"गिरणीतली मुलगी."
"मंग केसात कापूस कुठी हाय?
केसाले, भिवईले, नाकात, कापूसच कापूस रायते.
ठिगळ त काय, कोनालेही रायते."
आणि जरा थांबून,
"पन शाळेत गरीब कायले व्हा लागते?"
म्हटलं, इतिहास आहे.
"असं," आत्या म्हणाली,
आणि बराच वेळ खोकली.

बाथरूममध्ये मेकअप काढायच्या गोळ्यांचं
अर्धं पाकीट होतं. ते पिंजलं.

कोपऱ्यावर मिसेस ऑग्डन कचऱ्याचा डबा ओढत होत्या.
थांबल्या.
मागे ती गिरणी, आता तिच्यात फ्लॅट,
प्रत्येक बाल्कनीत एक सायकल.
"शाल अशी नाही," म्हणाल्या,
आणि शाल्मलीच्या छातीवर ती तिरकी घेऊन
पाठीवर करकचून गाठ मारली.
"हात दोन्ही मोकळे लागायचे. आई म्हणायची."
भुवईवरच्या कापसाला बोट लावलं,
काढला मात्र नाही.

मैदानात साठ गरीब.
तीन मुलींच्या गुडघ्यावर
एकाच जागी एकच ठिगळ.
बाईंनी घंटा वाजवली, नखं तपासली.

संध्याकाळी शाल्मलीनं सांगितलं :
आम्ही उपाशी असल्याचं नाटक केलं.
मला सगळ्यात छान जमलं.
मग फिश आणि चिप्स होते.

केसांतून कापूस निघता निघेना.
विंचरते आहे, ती झोपते आहे,
बारीक कंगव्यात पांढरं पांढरं येतं आहे.

हिशेब : दोन पौंड, अर्धं पाकीट, एक अभ्रा.

रात्री ठिगळ उसवायला बसले.
स्कर्ट चांगला होता, काहीतरी झालं असतं त्याचं.
कच्चा टाका घालायचा ठरवला होता,
हातानं आपला पक्काच घातला होता.
चार टाके सुटले.
खाली कापड धडकं,
आणि सुईची चार भोकं,
जी आधी नव्हती.