खाजण, बाजू अ

पहिली कॅसेट मोरेश्वरच्या मामाने आणली,
सांतोस बंदरातून, साबणाच्या दोन वड्यांमध्ये दाबून.
ब्राझीलची पोरं आहेत, मामा म्हणाला,
दुकानदाराने फुकट दिली, डोकं दुखतं म्हणाला.
घणसोलीत आम्ही ती बारा वेळा ऐकली.
तेराव्यांदा टेप अडकली.
पेन्सिलीने गुंडाळली, तर आत एक घसरा पडलेला.
तो घसरासुद्धा पाठ केला.

मोरेश्वर घरत हळदीच्या रात्री ताशा बडवायचा,
त्याला शिकवावं लागलं नाही, फक्त थांबवावं लागलं.
जोबी कुरियनने वाशीच्या चर्चमधली गिटार
दुरुस्तीला म्हणून नेली.
गळा संपत शेडगेचा. बाप माथाडी,
हा पहाटे कांदा-बटाटा मार्केटात लिलाव पुकारायचा.
तुर्भ्याची धूळ त्याच्या घशात होती,
ती त्याने कधी खाकरून टाकली नाही.
आणि मी बेस. कारण चार तारा स्वस्त.

नावावरून तीन आठवडे भांडलो.
यमदंड. कवटी. संपतला हवं होतं रक्तपिपासू,
पण त्यातलं ऱ्हस्व-दीर्घ कुणालाच खात्रीने येईना.
शेवटी मोरेश्वरची आई दारातून ओरडली,
"कवरा वाजवताव रं? जावा खाजणान नी मरा!"
तिच्या सासऱ्याचं मीठ जिथे पिकायचं
आणि आता सिडकोचे खांब उभे होते,
ते खाजण. तेच नाव.

सराव पावणे एमआयडीसीत, नाडकर्णींच्या शेडमध्ये, रात्रपाळीला.
दीडशे टनी प्रेस पत्रा कापत असायची.
माझ्या मशीनपेक्षा मोठा आवाज काढलात तर भाडं घेईन,
असं नाडकर्णी म्हणाले.
भाडं कधी द्यावं लागलं नाही.
मोरेश्वर तिच्याशी ताल जुळवू बघायचा.
ती दर वेळी
किंचित उशिरा पडायची.

इंग्रजी येत नव्हतं. मग ओरडायचं काय?
टाकीवर पाटी होती:
आम्ल सांडल्यास भरपूर पाण्याने धुवा,
डोळ्यांत गेल्यास चोळू नका.
संपतने ती वाचली, बेंबीच्या देठापासून,
लिलावाच्या पट्टीत: चोळू नका! चोळू नका!
जोबीने गिटार खाली ठेवली. म्हणाला, झालं गाणं.

पहिला कार्यक्रम गावदेवीच्या जत्रेत,
ऑर्केस्ट्राचा टेम्पो पंक्चर झाला म्हणून.
सतरा मिनिटं. पाळणेवाल्याने ऐकायला पाळणा थांबवला,
वर अडकलेली माणसं
तेवढीच शेवटपर्यंत होती.
आम्हाला नारळ दिला. सत्काराचा की निघा म्हणायचा, कळलं नाही.

डेमो त्याच शेडमध्ये. नाडकर्णींची ऑर्डर होती,
प्रेस बंद ठेवता येईना.
तीनशे कॅसेटी. संपतच्या बापाने पतपेढीतून कर्ज काढलं,
कारणाच्या रकान्यात लिहिलं, शिक्षण.
आतल्या कागदावर माझं नाव छापलं दिनार मढवी.
मी दीनानाथ.
निम्म्या कॅसेटी हमालांनी घेतल्या आणि वर भजनं भरली.
एक मामाबरोबर सांतोसला गेली, त्याच दुकानात.

बाजू ब व्हायच्या आधी मी सोडलं.
प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून उरणला नोकरी लागली.
दोन महिन्यांत येतो म्हणालो होतो.
माझ्या जागी ऐरोलीचा एक मुलगा आला,
माझ्यापेक्षा बरा वाजवतो.
पुणे, शिलाँग, टीव्हीवरची पाच मिनिटं, हे सगळं त्याचं.

नऊ महिन्यांनी पोस्टकार्ड आलं, माझ्या घरी,
कॅसेटवर पत्ता माझाच होता ना. दिनार यांस.
प्लांटवर कोर्लईचा एक फिटर होता,
त्यांच्या गावात अजून जुनी पोर्तुगीज घोळते जिभेवर,
त्याने अर्धं वाचलं, अर्धं अंदाजाने सांगितलं:
दुसऱ्या गाण्यात, मागे, उशिरा पडतं
ते वाद्य कोणतं? आम्हाला हवं आहे. कुठे मिळेल?

प्रेस तोवर तळोज्याला भंगारात गेली होती, किलोच्या भावाने.
नाडकर्णी मुलाकडे, बडोद्याला.
कार्ड मी कुणालाच दाखवलं नाही, मोरेश्वरलाही नाही.
उत्तर एकदा लिहायला घेतलं होतं:
प्रिय दोस्त, ते वाद्य दीडशे टनांचं आहे.
पुढची ओळ
अजून पडायची आहे.