चिन्ह : शिवणयंत्र

फॉर्म कन्नडात होता.
कचेरीतला कारकून म्हणाला, सही माडरी.
मी मराठीत केली : भरमाण्णा नागोजी मोदगेकर.
नावाचं शेपूट कानडी, आडनाव इकडचं;
तो हसला आणि शिक्का मारला.
चिन्ह मिळालं शिवणयंत्र.

सतरा वर्षं सरकारनं दिला तो बिल्ला लावला,
तेव्हा गावात कुणी हसलं नव्हतं.

पारावर विचारतात, तू कुणाचा? समितीचा, का त्यांचा?
मी म्हणतो, गटारीचा.
वरच्या गल्लीचं पाणी
लुमाण्णाच्या चुलीपर्यंत येतं, त्याचा.
थोडा वेळ सगळे गप्प.
मग कुणीतरी हळूच :
कँटीनच्या कोट्यातली एखादी बाटली शिल्लक असंल की?

रात्री पोरं आली, हातात डांबराचा डबा.
फाट्यावरची पाटी रंगवायचीय मामा,
तुम्ही युनिफॉर्म घालून पुढं उभं राहा,
तुमच्या अंगावर कोण हात टाकतंय.

जाफन्यात एका शाळेवर पाटी होती,
तीन लिप्यांतली. दोन ओळींवर डांबर.
कुठल्या दोन, ते आता सांगता येणार नाही,
आम्हाला त्यातली एकही वाचता येत नव्हती.
तातोबा सुळगेकर तिच्याखाली बसून
बुटाची नाडी सोडत होता.
वर बघून म्हणाला, काय लिवलंय बे हे?

उत्तर द्यायला मी वळलो
तोवर भिंत नव्हती.

हे पोरांना सांगितलं नाही.
डबा तेवढा ठेवून घेतला,
आणि सकाळी शिडी लावून
अंगणवाडीचा गळका पत्रा लिंपला.
अख्खं गाव खालून बघत होतं.
इकडचे म्हणाले, फितूर.
तिकडचे म्हणाले, नाटकी.
बाई म्हणाल्या, कोपऱ्यात अजून गळतंय.

मतं पडली एक्केचाळीस.
बायको दोन दिवस बोलली नाही,
तिच्या माहेरचीच तीस होती म्हणे.

पेन्शनच्या रांगेत सुभेदार कुद्रेमनीकर भेटले.
एक्केचाळीस? अरे, प्लाटून झाली की!
आणि माझी पाठ थोपटली, जोरात,
छर्रे आहेत तिथंच.

प्लाटून खरी.
पण प्लाटूनमध्ये हजेरीला नाव घेतलं
की माणूस ओ देतो.

आता गल्लीतून जाताना मी चेहरे बघतो.
सायकलवरचा न्हावी, दळणाची रांग,
मान खाली घालून विडी पेटवणारा मल्लसर्ज.
नाव कुणाचंच घेत नाही.
चाल जरा सावकाश ठेवतो, एवढंच.